आमच्या बेदाण्याला घर कसं करू? (ड्वार्फ हॅम्स्टर आणि सांगलीचा उन्हाळा)

विश्रामबागची_आई | १२ एप्रिल, रात्री ११.०५

नमस्कार. माझ्या भावानं पुण्याहून येताना लेकाच्या वाढदिवसाला एक ड्वार्फ हॅम्स्टर, म्हणजे उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी, आणला. लेक सहावीत आहे. प्राणी करडा-तपकिरी, पाठीवर मधोमध काळी रेघ, बंद मुठीत मावेल एवढाच. माझं माहेर तासगाव, म्हणून लेकानं नाव ठेवलं बेदाणा.

सोबत तारेचा पिंजरा आला. दीड फूट लांब, दोन मजली, मध्ये प्लॅस्टिकची शिडी, बशीएवढं चाक आणि तळाला बोटभर भुसा. दिवसभर तो कोपऱ्यात भुशात तोंड खुपसून पडलेला असतो. रात्री अकरा वाजले की तारा चावायला लागतो, ते पहाटेपर्यंत. काल त्याच्या नाकावरचे केस गेलेले दिसले. तो काहीतरी मागतोय आणि मला ते कळत नाहीये, या विचारानं मला झोप लागत नाही.

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, स्लॅब तापतो. आज दुपारी हॉलमध्ये ३५ होतं. एसी एकाच खोलीत आहे आणि दिवसभर चालवणं परवडत नाही.

घर केवढं हवं, त्यात काय घालायचं आणि मे महिना कसा काढायचा? खर्चाची तयारी आहे, पण नुसतं शोभेचं काही नको.

---

लई_भारी_पोरगं | ११.१८

नाव एक नंबर! आमच्या मांजराचं नाव भडंग आहे. दोघांची भेट मात्र घालून द्यायला नको.

---

अजिंक्यतारा_पायथा | ११.५२

ताई, मी साताऱ्यात सहा वर्षं ड्वार्फ हॅम्स्टर पाळतोय, सध्याचा तिसरा. तुमच्या वर्णनावरून तो कॅम्पबेल किंवा विंटर व्हाइट जातीचा असावा, बहुतेक दोघांचा संकर. रेघ नसती आणि डोळ्यांवर पांढऱ्या भुवया असत्या, तर रोबोरोव्हस्की म्हटला असता.

तो काय मागतोय? खणायला जागा. हा मंगोलिया, कझाकस्तान, सैबेरिया इकडच्या माळरानांवरचा प्राणी. दिवस जमिनीखाली काढायचा आणि रात्री धान्य गोळा करत लांबवर पळायचं, हे त्याचं आयुष्य. बोटभर भुशात तो डोकं खुपसतो ते बीळ करायला. बीळ होत नाही, मग तारा चावतो.

स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या संशोधकांनी २००६ मध्ये सोनेरी हॅम्स्टरवर यासाठीच प्रयोग केला होता. काहींना १० सेंटिमीटर जाड थर दिला, काहींना ४०, काहींना ८०. १० वाले तारा लक्षणीय जास्त चावत होते. सोनेरी हॅम्स्टर आकारानं मोठा, त्यामुळे ड्वार्फला ८० ची गरज नाही, पण वीतभर तरी खोली हवीच.

माझा हिशोब सांगतो. तळ १०० बाय ५० सेंटिमीटर. एका अर्ध्या भागात २५ सेंटिमीटर थर, दुसऱ्यात १०. म्हणजे साधारण ८७ लिटर अंथरूण लागतं. आकडा मोठा वाटेल, पण ते सगळं एकदाच भरायचं असतं, दर आठवड्याला बदलायचं नसतं. उथळ बाजूला चाक, वाळू, पाणी. खोल बाजूला काही जड ठेवू नका. खाली बोगदा असतो, वरचं वजन त्याच्या अंगावर येऊ शकतं. जड वस्तू असेलच तर ती थेट तळावर टेकवा आणि मग आजूबाजूला अंथरूण भरा.

मजले, शिड्या, रंगीत नळ्या यातलं काही लागत नाही. त्याची नजर अधू असते, उंचीचा अंदाज येत नाही, वरून पडला तर पाय मोडतो. उद्याच्या उद्या वरचा मजला काढून टाका.

---

मिरजेचा_सुतार | १३ एप्रिल, सकाळी ७.३०

ताई, बाजारात एवढा मोठा पिंजरा शोधत बसू नका, सुताराकडून करून घ्या. मी पुतणीसाठी केलाय, माप देतो.

आठ बाय चारची एक प्लाय शीट घ्या, बारा एमएमची. तळ ४ बाय २ फूट. मागची बाजू ४ बाय २. दोन बाजू २ बाय २. समोर खालचा फूटभर प्लाय, म्हणजे ४ बाय १. झाले अठ्ठावीस चौरस फूट, बत्तीसातले चार उरले. समोरच्या वरच्या फूटभर भागात सरकती काच. वर चौकटीत पाव इंची वेल्डेड जाळी. अर्धा इंची घेऊ नका, ड्वार्फ त्यातून सहज निघतो. नायलॉनची डासांची जाळी तर एका रात्रीत कुरतडेल.

आतून सगळ्या सांध्यांना पट्टी मारा, प्लायची उघडी धार दिसली की दात लावतो. पाण्यात मिसळणारा, लहान मुलांच्या खेळण्यांना चालणारा रंग आतून द्या, म्हणजे लघवी मुरत नाही. रंगाचा वास पूर्ण गेल्याशिवाय प्राणी आत सोडू नका. मी पंधरा दिवस थांबलो होतो.

आणि भुसा पाहिजे तेवढा माझ्याकडून न्या, रोज पोतं निघतं.

---

अजिंक्यतारा_पायथा | ८.१०

काका, माप अप्रतिम, जपून ठेवतोय. पण भुशाबद्दल हात जोडून नको म्हणतो. वर्कशॉपच्या भुशात प्लायचा डिंक, एमडीएफ, जुनं पॉलिश, देवदार, पाइन सगळंच मिसळलेलं असतं. देवदार आणि पाइनच्या उग्र वासानंच या प्राण्यांच्या श्वासनलिकेला त्रास होतो, आणि रंध्याचा भुसा बारीक असेल तर धूळ नाकात जाते. माझा पहिला हॅम्स्टर दोन महिने शिंकत होता. मी खोली बदलली, खाणं बदललं, भुशाकडे लक्षच गेलं नाही. भुसा काढला आणि आठवड्यात शिंका थांबल्या. ते दोन महिने मला अजून बोचतात.

---

मिरजेचा_सुतार | ८.२५

पटलं. पुतणीला आजच फोन करतो. मग घालायचं काय?

---

माजघर | ९.४०

मी सत्तरीची आहे आणि हा प्राणी मी नातवामुळे पाहिला. कऱ्हाडला असतो आम्ही. आमच्याकडे साधा, बिनवासाचा, बिनछपाईचा टिश्यू पेपर फाडून घालतात आणि मध्ये मध्ये वाळलेल्या गवताचे थर. एकट्या कागदाचा बोगदा बसतो, गवताच्या काड्या असल्या की छत धरून राहतं. मातीच्या भिंतीत आपण गवताचे तुकडे कालवायचो, तसंच हे. नातवाला ते सांगितलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

गवत आणलं की दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि मग एक दिवस उन्हात. किडे, गोचीड काही असेल तर मरतं.

कापूस मात्र घालू नका, बाई. आम्ही मऊ म्हणून गादीची रुई घातली होती. धागा पायाला गुंडाळला, पंजा निळा पडला. नातवानं बारीक कात्रीनं कापून सोडवला, माझे हात थरथरत होते. दुकानात हॅम्स्टरचं म्हणून विकतात तो कापूसही तसलाच. तो गालाच्या पिशवीत भरला तर तिथेच अडकून बसतो.

---

वाईचा_वाटसरू | १०.१५

कोणाला वाईट वाटू नये, पण मला हा सगळा प्रकारच चुकीचा वाटतो. गोबीच्या वाळवंटाकडचा, हिमात राहणारा जीव पस्तीस डिग्रीच्या फ्लॅटमध्ये आणायचा, वाढदिवसाला भेट म्हणून द्यायचा आणि मग त्याला प्लायच्या पेटीत सुखी कसं ठेवायचं ते विचारायचं. आपण विकत घेतो म्हणून ते विकले जातात. तुम्ही कितीही मोठी पेटी करा, माळरान होणार आहे का?

---

विश्रामबागची_आई | १०.४०

वाईट वाटलं, पण तुमचं म्हणणं खोटं नाही. मी स्वतः जाऊन विकत घेतला नसता. आता तो माझ्या घरात आहे. त्याला परत दुकानात पाठवू का? तिथे काचेच्या एका डब्यात वीसजण होते, असं भाऊ सांगतो.

---

अजिंक्यतारा_पायथा | ११.०५

वाईकर, पुढचा कोणी विकत घेऊ नये हे मीही सांगतो. माझा दुसरा आणि तिसरा, दोन्ही लोकांनी नको म्हणून दिलेले. पण बाहेर सोडायचा तर अजिबात विचार नको. इथल्या रानात तो तगणार नाही, मांजर किंवा घुबड पहिल्याच रात्री उचलेल.

फक्त एक दुरुस्ती. त्याच्या मूळ मुलखात फक्त हिम नसतं. मंगोलियाच्या माळावर उन्हाळ्यात दुपारी जमीन चांगलीच तापते. तो तगतो तो बिळामुळे, कारण जमिनीखाली तापमान फार वर-खाली होत नाही. म्हणून ताईंच्या पहिल्या आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे. खोल अंथरूण दिलं की तारा चावणं कमी होतं, आणि दुपारी त्याला उतरायला थंड जागाही मिळते. मात्र वरच्या मजल्यावर खोलीच ३५ वर राहिली, तर कागदाचा थर आज ना उद्या तेवढाच तापतो. तिथे आपल्याला हात द्यावा लागेल.

---

वाईचा_वाटसरू | ११.२०

बीळ आणि उन्हाचा हा संबंध मला माहीत नव्हता. विकत घेण्याबद्दल माझं मत तेच राहील. पण ताई, आलेल्या जीवासाठी तुम्ही एवढा विचार करताय त्याचा आदर आहे.

---

शाळू_आणि_हुरडा | दुपारी १.३०

जतकडचा शेतकरी आहे. खाण्याचं कोणी बोललं नाही. परदेशी पाकिटं कशाला? बाजरीचं कणीस तसंच्या तसं उभं करून ठेवा, तो चढून दाणे काढतो. राळा, नाचणी, शाळूची ज्वारी, थोडा गहू, जवस, तीळ. हे सगळं आपल्याकडे पिकतंच. माझी मुलगी दाणे वाटीत ठेवत नाही, अंथरुणात विखरून टाकते. रात्रभर शोधत बसतो, गालात भरतो आणि बिळात साठवतो. वाटीत दिलं तर पाच मिनिटांत काम संपतं, मग उरलेली रात्र काय करणार बिचारा.

एक गोष्ट जिवाच्या आकांतानं सांगतो. पेरणीच्या पिशवीतलं बियाणं चुकूनही देऊ नका. त्याला औषध चोळलेलं असतं, बहुतेक वेळा गुलाबी नाहीतर लाल दिसतं. ते विष आहे. धान्य खायचंच आणा, निवडून.

---

अजिंक्यतारा_पायथा | २.००

शाळू_आणि_हुरडा यांना +१००. विखरून टाकण्याची गोष्ट तर सोन्यासारखी.

त्यात भर घालतो. आठवड्यातून एकदोनदा उकडलेल्या अंड्याचा वाटाण्याएवढा तुकडा, कारण त्याला प्राण्यांपासूनची प्रथिनंही लागतात. काकडी, कोथिंबीर नखाएवढी. सूर्यफुलाच्या बिया एकदोनच, तो फक्त त्याच निवडून खाईल आणि सुटेल. कांदा, लसूण, लिंबूवर्गीय फळं, कच्चा राजमा, चॉकलेट अजिबात नाही.

आणि ताई, त्याचं नाव बेदाणा ठेवलंय तरी त्याला बेदाणा देऊ नका. कॅम्पबेल आणि त्यांच्या संकरांत मधुमेह होण्याची शक्यता मोठी असते. द्राक्ष, बेदाणा, गूळ, पेढ्याचा कण, सगळं बंद. पाणी एकदम जास्त प्यायला लागला आणि अंथरूण सारखं ओलं दिसलं, तर लगेच डॉक्टर.

---

तासगावची_लेक | २.१५

तासगावकरांवर हा मोठाच अन्याय आहे! चालेल, त्याच्या वाटचे मी खाते.

---

मिरज_तंबोरा | दुपारी ४.५०

आमच्या मिरजेत सतार-तंबोऱ्याचे कारागीर आहेत, त्यांच्याकडे वाळलेल्या भोपळ्याचे कापलेले तुकडे पडलेले असतात. मी एक मागून आणला. रंग, पॉलिश काही न लागलेला कोराच घ्यायचा, आणि आतला गर पूर्ण खरवडून काढायचा. उपडा ठेवला आणि कडेला अडीच बोटांचं दार कापलं. माझा रोबोरोव्हस्की दीड वर्ष त्यात राहिला. तो भोपळा तो थोडा थोडा कुरतडायचा, दातही झिजायचे. यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडायला काहीतरी सतत लागतंच.

करवंटीही छान, फक्त शेंड्या काढून कडा घासा.

---

माजघर | ५.२०

यावरून आठवलं. संक्रांतीची सुगडं असतील ना घरात? एक आडवं करून अर्धं पुरून ठेवा. तोंड ड्वार्फला बरोबर होतं आणि कच्ची भाजलेली माती आतून गार राहते. आमच्या नातवाचा हॅम्स्टर एप्रिलपासून जूनपर्यंत दुपारी सुगडातच. हळदी-कुंकवाची बोटं लागलेली असतील ती धुऊन घ्या.

आता उन्हाळ्याचं सांगते, वरच्या मजल्यावर मीही राहिले आहे.

पेटी पश्चिमेच्या भिंतीला लावायची नाही, ती भिंत रात्री नऊपर्यंत गरम असते. जमिनीवर, आतल्या खोलीत, ऊन कुठूनही येणार नाही अशा जागी ठेवायची. आत शहाबादी फरशीचा तुकडा ठेवायचा, तो थेट तळावर टेकवून. दोन तुकडे असू द्या. एक आत, एक फ्रीजमध्ये, दुपारी अदलाबदल. खिडकीला वाळ्याचा पडदा आणि त्यावर पाणी. बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या बाहेर, काचेला टेकवून ठेवायची. आत नको, कुरतडेल आणि सगळं ओलं करील.

कूलरचा झोत सरळ अंगावर नको. ओल्या हवेनं अंथरूण दमट होतं आणि बुरशी धरते. आणि पेटीच्या आत तापमापक ठेवा. भिंतीवरचा आकडा वेगळा असतो, पेटीतला वेगळा.

---

अजिंक्यतारा_पायथा | ५.४५

आजींना दंडवत. आकडे तेवढे जोडतो. १८ ते २५ उत्तम. २८ ला सावध व्हा. ३० च्या वर गेलं की आजींनी सांगितलेलं सगळं चालू करा, आणि तरी उतरलं नाही तर त्याला एसीच्या खोलीत हलवा, पण झोतापासून लांब. तो अंग पसरून आडवा पडला, लाळ गळतेय, उचलल्यावर लुळा वाटतोय, तर तो उष्माघात. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. गार जागी न्या, साध्या पाण्यानं भिजवलेल्या फडक्यावर ठेवा आणि डॉक्टरांना गाठा.

---

पाचगणीचं_धुकं | रात्री ८.३०

तुम्ही उन्हाचं बोलताय, मी उलट सांगते. आमच्याकडे डिसेंबरात एका सकाळी माझी विंटर व्हाइट घट्ट गोल होऊन थंडगार पडली होती. हात लावला तर दगड. मुलगा रडायला लागला, यजमानांनी अंगणात खड्डा काढला. मी तिला ओढणीत धरून बसले होते, निरोप द्यायला म्हणून. वीसेक मिनिटांनी मिशी हलली.

थंडी, कमी उजेड आणि कमी खाणं असलं की या प्राण्यांचं शरीर मंदावतं, श्वास अगदी विरळ होतो. आम्हाला ते माहीतच नव्हतं. साताऱ्याकडच्या, महाबळेश्वर-पाचगणीकडच्या लोकांनी कृपा करून हे लक्षात ठेवा. खड्डा काढायच्या आधी त्याला तळहाताच्या उबेत हळूहळू गरम करा आणि वाट बघा. हीटरसमोर धरू नका. ती त्यानंतर अकरा महिने जगली.

---

लई_भारी_पोरगं | ८.४१

मावशी, अंगावर काटा आला. मी जेवता जेवता थांबलो.

---

कृष्णाकाठ_२०१९ | ९.१५

अवांतर आहे, पण सांगलीचा धागा आहे म्हणून लिहितो. २०१९ च्या पुरात गावभागातलं आमचं घर पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात गेलं. बोटीत बसताना एकाच पिशवीची परवानगी होती. बहिणीनं कागदपत्रांच्या पिशवीत पोळ्यांचा डबा ठेवला आणि डब्यात हॅम्स्टर, झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं. मिरजेला मामाकडे पोचलो तेव्हा तो पोळीचा तुकडा गालात भरून बसला होता. तो पुढे वर्षभर आमच्यातच होता.

तेव्हापासून आमच्याकडे एक छोटा, हवेशीर, हँडलचा डबा कायम तयार असतो. आत त्याच्याच बिळातलं मूठभर अंथरूण, म्हणजे ओळखीचा वास असतो. पूर येवो न येवो, डॉक्टरांकडे न्यायलाही तो लागतोच. ज्यांची घरं नदीकाठी आहेत त्यांनी जूनमध्येच हा डबा काढून ठेवावा.

---

विश्रामबागची_आई | १०.३०

मी हे सगळं लेकाला वाचून दाखवतेय. पोळीच्या डब्याची गोष्ट त्यानं तीनदा वाचायला लावली.

आणखी तीन शंका. चाक केवढं? वास येऊ नये म्हणून धुवायचं कधी? आणि दुकानदारानं भावाला सांगितलं होतं की एकटा ठेवलात तर झुरून मरेल, जोडी न्या. आणू का?

---

दोनाचे_अकरा | १०.३८

जोडी आणू नका, आणू नका, आणू नका. माझ्या नावावरून समजलंच असेल. दुकानदार म्हणाला दोन्ही माद्या आहेत. वीस दिवसांत नऊ पिल्लं झाली. गुलाबी, शेंगदाण्याएवढी. एकेक घर शोधून देईपर्यंत मी कॉलेजात सगळ्यांच्या पाया पडलोय.

---

अजिंक्यतारा_पायथा | ११.१०

वरच्याशी सहमत, आणि एकाच लिंगाचे असले तरी नको. ड्वार्फ काही वेळा एकत्र राहतात, पण कधी फाटेल सांगता येत नाही. फाटलं की रक्त निघेपर्यंत भांडतात, आणि ते होतं रात्री, आपण झोपेत असताना. एकटा राहून तो झुरत नाही. त्याला आपलं बीळ आणि आपला साठा पुरतो.

चाक किमान १८ ते २० सेंटिमीटर, पळताना पाठ सरळ राहिली पाहिजे. धावपट्टी सलग हवी. काड्या-काड्यांच्या चाकात पाय अडकून मोडतो. आसाला खोबरेलचा एक थेंब लावा, आवाज जातो.

धुण्याचं म्हणाल तर सगळं एकदम काढून धुणं ही सर्वात मोठी चूक. त्याचं घर त्याच्यासाठी वासानं बनलेलं असतं. तुम्ही ते फिनेलनं पुसलं की तो आपल्याच घरात हरवतो, आणि घाबरून दुप्पट खुणा करतो, मग वासही दुप्पट येतो. तो बहुधा एकाच कोपऱ्यात किंवा वाळूत लघवी करतो. तेवढंच दोन-तीन दिवसांनी काढा. दीड-दोन महिन्यांनी एक तृतीयांश अंथरूण बदला, जुनं त्यात कालवून.

वाळूचं भांडं हवंच, कारण तो पाण्यानं आंघोळ करत नाही, त्याला पाण्यात घालायचंही नाही. एका पसरट थाळीत दोन बोटं वाळू. चिंचिला नावाच्या प्राण्यासाठीची वाळू मिळते, पण पूड नव्हे, पूड फुप्फुसात जाते. नदीची वाळू असेल तर बारीक चाळणीनं धूळ काढा, स्वच्छ धुवा, वाळवा आणि कढईत चांगली भाजा.

---

शाळू_आणि_हुरडा | १४ एप्रिल, सकाळी ६.१५

बिळात धान्याचा साठा म्हणजे मुंग्या येणारच. आमची आई दुधाच्या जाळीच्या कपाटाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची. मुलीच्या पेटीला तसंच केलंय. खाली बुटका पाट, पाटाचे पाय वाट्यांत. वर्षभर एक मुंगी चढलेली नाही. मुंग्यांचा खडू, पावडर काही वापरू नका, त्याच्या पायाला लागून पोटात जातं. त्या खोलीत डासांची उदबत्ती, धूपसुद्धा नको.

---

मिरजेचा_सुतार | ७.००

ही वाट्यांची युक्ती भारीच. ताई, पेटीला खाली चार इंचाचे पाय लावून देतो मग. विश्रामबागला माझं येणं-जाणं असतं, माप घ्यायला येऊ का? मजुरी नको, प्लाय-काचेचे तेवढे द्या.

---

गणेशोत्सव_कार्यकर्ता | दुपारी १२.०५

एक राहिलं. मिरवणुकीच्या दिवसांत पेटी रस्त्याच्या बाजूच्या खोलीत ठेवू नका. त्यांचे कान आपल्यापेक्षा फार तिखट, आपल्याला न येणारे वरच्या पट्टीतले आवाजही त्यांना ऐकू येतात. मी स्वतः ढोल वाजवतो आणि त्या दहा दिवसांत आमचा प्राणी मी काकूंकडे पोचवतो. टीव्ही-फ्रीजच्या शेजारीसुद्धा नको.

---

सातारा_रोड | १२.४०

लहान प्राणी बघणारा डॉक्टर मिळणं अवघड आहे, गाय-म्हैस-कुत्रं बघणारे खूप. आजारी पडायच्या आधीच दोन-चार दवाखान्यांत फोन करून विचारून ठेवा. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही विचारता येईल. आमचा प्राणी रविवारी आजारी पडला आणि आम्ही तेव्हा फोन नंबर शोधायला लागलो. सोमवार उजाडला तेव्हा उशीर झाला होता.

---

माजघर | १.१०

सातारा_रोड, वाचून जीव हळहळला. बाळा, तुम्ही शोधत होतात ना, ते त्याच्यासाठीच होतं.

---

विश्रामबागची_आई | २९ मे, रात्री १२.२०

इतके दिवस मुद्दामच काही लिहिलं नव्हतं, आधी सगळं नीट होऊ दे म्हटलं.

मिरजेचे काका आले, माप घेतलं, मजुरी खरंच घेतली नाही. मी त्यांच्या पुतणीसाठी टिश्यू पेपरची पिशवी भरून दिली. रंगाचा वास जाईपर्यंत सतरा दिवस पेटी गॅलरीत होती. तेवढ्या दिवसांसाठी बेदाण्याला मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात ठेवलं, पंधरा सेंटिमीटर कागद भरून. तारा चावणं त्याच रात्री थांबलं. मी अकरा वाजता सवयीनं जागी झाले, आवाज नाही, घाबरून टॉर्च घेऊन गेले. कागद एका जागी हलत होता.

आता तो पेटीत आहे. खोल बाजूला काचेपर्यंत अंथरूण भरताना लेकानं काचेलगत गवताचा थर जास्त लावला, त्यामुळे एक बोगदा बाहेरून दिसतो. त्यावर आम्ही काळा कागद चिकटवलाय, दिवसा उघडायचा नाही असं ठरलंय. सुगड अर्धं पुरलंय. फरशीची अदलाबदल लेक शाळेला सुट्टी असल्यामुळे स्वतः करतो, दुपारी एक आणि चार. सगळ्यात वाईट दिवशी खोलीत ३६ होतं. तेव्हा दोन तास त्याला कृष्णाकाठ यांच्या डब्यात घालून एसीच्या खोलीत ठेवला. बाकी दिवस पेटीत २८ च्या वर गेलं नाही. वाळ्याचा पडदा आणि आतली खोली, या दोन्हींचा फार उपयोग झाला.

नाकावरचे केस परत आलेत.

एक प्रश्न राहिला. काल ओला कोपरा साफ करताना बिळाची एक बाजू ढासळली आणि आत साठा दिसला. बाजरी वेगळी, ज्वारी वेगळी, आणि मध्ये एक बेदाणा. आम्ही कोणी दिलेला नाही. लेक शप्पथ घेतोय, माझी आई तासगावहून आली होती ती काही बोलत नाहीये. काढून घेऊ, की त्याचा साठा मोडला म्हणून त्याला त्रास होईल?

---

अजिंक्यतारा_पायथा | ३० मे, सकाळी ६.५०

बेदाणा काढा, त्या जागी बाजरीचे चार दाणे ठेवा आणि बाजू हातानं हलकी दाबून द्या. बाकीचं तो रात्री करील.

---

तासगावची_लेक | ७.०५

आजीला काही बोलू नका हं.